नानीचं फिरणं

नानीला कोणी जाडी म्हणायच्या आत ती स्वतःच म्हणून मोकळी व्हायची. लग्नाच्या मांडवात शिरली की पोरांना फर्मान सुटायचं, "दोन खुर्च्या टाका रं, एक मोडंल!" मांडव हसायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. लोक हसणारच आहेत, तर सुरुवात आपणच केलेली बरी, हे तिला कळून चुकलं होतं.

नानी माझी थोरली चुलती. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही श्रीरामपूरला, नाना-नानी राहात्याजवळच्या वस्तीवर. लग्न होऊन आली तेव्हा ती काटक होती. खुरपायला बसली की बाकीच्या बायका मागं पडायच्या, असं आई सांगते. मग विहिरीला पाणी लागलं, उसाच्या जोडीला पेरूची बाग झाली, बंगला झाला. नानांनी जाहीर केलं, "आता आपल्या घरातली बाई रानात जायची न्हाई. मजूर कशाला हायेत?" गावाला तो नानीचा मानच वाटला. ती स्वयंपाकघरात बसली ती बसलीच.

जेवायची ती सगळ्यांच्या मागून. पातेल्यातला उरलेला भात, पोरांनी टाकलेली अर्धी पोळी, तळाची आमटी, सगळं तिच्या ताटात. "अन्न टाकू न्हाई," म्हणायची. त्यात नवऱ्यासाठी सोमवार, पोरांसाठी चतुर्थी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याचा लाडू. एवढे उपवास करून ही सुटते कशी, याचं घरादाराला नवल!

चाळिशीत तिच्या मानेवर काळी वळी दिसायला लागली. मळ समजून ती घासत राहिली. सारखी तहान, सारखा थकवा. आमच्याकडे आली असताना आईनं तिला डॉक्टरबाईंकडे नेलं, मीही सोबत होते. शुगर वाढलेली, बीपी वाढलेलं, लिव्हरवर चरबी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटावरची चरबी नुसती दिसायला नसते हो, आतलं साखरेचं सगळं काम बिघडवते. गोळ्या घ्याच, पण रोज चाला. थोडं वजन उतरलं तरी फरक पडेल."

"मंजी रानात गेले तरी चालंल?" नानीनं विचारलं. तिचा चेहरा उजळला होता.

"जा की. कोणी अडवलंय?"

अडवणारे घरातच होते. नानी सकाळी कालव्याच्या रस्त्यानं फिरू लागली. आठवडाही झाला नसेल, पारावर कोणीतरी नानांना टोमणा मारला. नाना घरी येऊन गरजले, "बागाईतदाराची बायको रस्त्यानं उंडारती! लोकं काय म्हनतील? घरात काम कमी पडलं का?" रानाचं तर नावच काढायचं नव्हतं. मजुरांसमोर इज्जत जाते ना!

मग ती गच्चीवर फिरू लागली. "आई, स्लॅब खचंल," म्हणत पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. नानी त्यांच्याबरोबर हसली आणि खाली आली. नंतर गुडघ्यांनी जिना चढवेना.

पुढं चपलेनं पायाला जखम झाली, ती चिघळली. दोन बोटं काढली. मग किडन्या गेल्या. नगरच्या दवाखान्यात मी तिला भेटले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, तू चालत जा गं. कुनाला इचारू नको." पन्नाशीही गाठली नाही तिनं. दहाव्याला एक पाहुणे पान चघळत म्हणाले, "बाईचा जिभेवर ताबा न्हवता." त्या वाक्याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परवा वस्तीवर गेले होते. आता नानांना शुगर निघाली आहे. सकाळी ते पांढरे बूट घालून कालव्याच्या रस्त्यानं निघाले. सुनेनं पाण्याची बाटली हातात दिली. पारावरून हाळी आली, "राम राम नाना! ह्या वयात बी तब्येत लई राखली!" नानांनी हात उंचावला.

सून माझ्याशेजारी उंबऱ्यात उभी होती. बाळंतपणानंतर तीही बरीच सुटली आहे. मी म्हटलं, "तूही जात जा की फिरायला."

ती ओशाळं हसली. "मी कशी जाऊ, ताई? नानांना न्हाई आवडत."