प्रोफेसरांनी मानलेले प्रोफेसरांचे आभार

चारही मेडिकल स्कूलांनी मला नकार कळवला तेव्हा मी रडले नाही, संतापले. चारांपैकी एकानेही निदान इंटरव्ह्यूला बोलावू नये? मार्क उत्तम होते. केअर होममध्ये दोन वर्षं दर वीकेंडला राबले होते. राहता राहिलं रेफरन्सचं पत्र. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मागून घ्यायचा हक्क इथे इंग्लंडमध्ये असतो, म्हणून मी पत्राची प्रत मागवली.

पत्र माझ्या बायोमेडिकलच्या प्रोफेसरांचं होतं. म्हणजे सही त्यांची होती. मी विचारायला गेले तेव्हा स्क्रीनवरून नजरही न काढता ते हो म्हणाले, आणि वर म्हणाले, स्वतःबद्दल एक पान लिहून पाठव, मला सोपं जाईल. इथे ही पद्धतच आहे. आपण आपलं जेवढं चांगलं असेल तेवढं सगळं पानावर ओतायचं आणि प्रोफेसरांनी त्यातून पत्र तयार करायचं.

मी ओतलं होतं की. त्यांच्या लॅबमध्ये उन्हाळाभर काम करताना रक्ताच्या नमुन्यांच्या दोन बॅचेसची लेबलं एकमेकींना लागल्याचं मी पकडलं होतं. त्यांच्या पीएचडीवाल्यांना ते चार महिने कळलं नव्हतं. पेपर तसाच छापला असता तर सगळ्यांची चांगली शोभा झाली असती. हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि मग घोडचूक केली. पान बेसिंगस्टोकला घरी नेऊन बाबांना दाखवलं.

आमच्या घरातून एकही अर्ज बाबांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी सहा वर्षांची असताना ते पुण्याहून इथल्या आयटी कंपनीत आले, तेव्हापासूनची ही रीत. लेबलांची ओळ वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, त्यांच्याच लॅबमधली चूक त्यांनाच लिहून कळवायची? त्यांना माहीत आहे की. ते लिहितील आपणहून. आपण आपली टिमकी वाजवायची नसते."

ओळ गेली. तिच्या जागी 'लेबलं लावण्याच्या कामात मदत केली' आलं. केअर होममधल्या एका आजींना घास गिळता येत नाही हे नर्सच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं, तेही गेलं. 'अजून बरंच शिकायचं आहे' हे आलं. शेवटी बाबांनी आपल्या सुबक अक्षरात एक वाक्य जोडलं, 'प्रोफेसरांच्या मार्गदर्शनाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.' आणि मी शहाणी, सगळं टाइप करून पाठवून दिलं.

आता पत्राची प्रत समोर होती. माझंच पान. 'मी' होतं तिथे 'ती' केलं होतं, बाकी काना-मात्रेचा फरक नव्हता. आणि तेवढेही कष्ट शेवटपर्यंत झेपले नव्हते. शेवटच्या ओळीत 'मी' तसंच राहिलं होतं. प्रोफेसर स्वतःच्या पत्रात, स्वतःच्या सहीच्या वर, स्वतःचेच आभार मानत होते. चार मेडिकल स्कूलांमध्ये कोणीतरी हे वाचलं होतं. मेल्याने पाठवण्याआधी एकदा तरी वाचायचं होतं.

ट्रेन पकडून तडक त्यांच्या ऑफिसात गेले. अपॉइंटमेंट वगैरे काही घेतली नाही. पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. सॉरी म्हणाले, तो आठवडाच फार गडबडीचा होता म्हणाले. मी विचारलं, लेबलं कोणी पकडली होती?

"तू," ते म्हणाले. "मला चांगलं आठवतंय. पण तू ते लिहिलं नव्हतंस. मला वाटलं, तुला ते नको असेल."

माझं अख्खं वर्ष गेलं होतं आणि यांना चांगलं आठवत होतं.

घरी येऊन पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी प्रोफेसरांना पाठवायचं नवीन पान लिहिलं. लेबलं पहिल्या ओळीत. प्रिंट काढून बाबांसमोर आदळली. त्यांनी सवयीने पेनाचं टोपण काढलं. मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तुमच्या या सभ्यपणापायी माझं वर्ष गेलं, बाबा. यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का, सांगा."

बाबांनी पान दोनदा वाचलं. नाही म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "कंपनीतल्या अप्रेझलच्या फॉर्मवर मीही दर वर्षी असंच लिहितो. मदत केली. शिकतो आहे. साहेबांना माहीत असतंच, असं वाटायचं मला."

सोळा वर्षांत त्यांना एकही बढती मिळालेली नाही. त्यांनी शिकवून तयार केलेली दोन माणसं आज त्यांचे मॅनेजर आहेत, आणि आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही. हे ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही, आणखी भडकला. पान मी तसंच प्रोफेसरांना पाठवलं आणि त्या वर्षी दोन ठिकाणांहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पेन मात्र परत दिलं नाही. यंदाचा अप्रेझलचा फॉर्म पाठवण्याआधी मला दाखवायचा, असं बाबांना बजावून ठेवलंय.