सुधाकर तापट आहे, सर

हे मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तिने मान वळवून विचारलंही, "काय म्हणत होता?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही तर मला ओळखतही नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण जात नाहीये. कालपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या.

सुधाकरपासून सुरुवात करतो.

मी लालबागचा, तो परळचा. माझे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, त्याचे दुसऱ्या एका मिलच्या रंगखात्यात. आम्ही कोकणातले मराठे. तो, ज्यांना तेव्हा लोक अस्पृश्य म्हणत, त्या घरातला. कॉलेजात पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत आम्हाला एकच टेबल मिळालं आणि पुढची चार वर्षं आम्ही ते सोडलं नाही. त्याच्या वडिलांचे हात मनगटापर्यंत निळसर असायचे, सणाच्या दिवशीसुद्धा. रंग कातडीला एवढा का धरतो आणि स्वस्तातल्या कापडावरून का उतरतो, हे सुधाकरला लहानपणापासून कळून घ्यायचं होतं. त्यासाठी त्याला एम.एस्सी. करायचं होतं.

मला काय करायचं होतं? खरं सांगतो, काहीच नाही. मिलमध्ये जायचं नव्हतं, एवढंच. वडील म्हणायचे, "शिकलंस तां पुरे झालां. आता खंयतरी चिकट." पण खंय? आमच्या वर्गातली सगळीच पोरं तशी लोंबकळत होती. कुणी बँकेच्या परीक्षा देत होतं, कुणी मामाच्या ओळखीवर रेल्वेत चिकटू पाहत होतं. त्यात मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही, हेच ठरत नव्हतं. शिवाजी पार्कवर सभा संपली की आम्ही दोघं कट्ट्यावर बसून राहायचो. तो रंगांबद्दल बोलायचा, मी हं हं करायचो. मधेच म्हणायचा, "वसंता, तू काहीतरी ठरव रे. दिवस जातात." मला राग यायचा. त्याचं ठरलेलं होतं याचा राग.

हे आधी सांगायला हवं होतं — त्या रागाचं.

शेवटच्या वर्षी हिवाळ्यात शहर पेटलं. एका दुपारी कॉलेजातून परतताना आम्ही ठाकूरद्वारला गर्दीत सापडलो. पोलिसांनी मोर्चा अडवलेला, डोळ्यांत धूर, घोषणांनी कान बधिर, आणि मधोमध अडकून पडलेली एक ट्राम. लोक तिच्यावर दगड टाकत होते. मीही एक उचलला. मुंबईसाठी मारला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण हातात काय आलं आणि का फेकलं, याचा मी विचारच केला नव्हता. फेकताना बरं वाटलं. कित्येक महिन्यांत मी केलेली ती पहिलीच ठाम गोष्ट होती.

काच फुटली. खिडकीशी एक बाई बसली होती, तिच्या कपाळातून रक्त आलं. तिने ओरडायच्या आधी मांडीवरच्या पोराला पदराखाली घेतलं — ते मी पाहिलं. मग मी पळालो.

सुधाकर पळाला नाही. तो ट्रामवर चढला, आपला रुमाल तिच्या कपाळावर दाबून धरला आणि पोलीस ट्रामपर्यंत पोचेतो तिथेच राहिला. दोन काठ्या खाऊन संध्याकाळी माझ्या चाळीत आला. खांदा सुजलेला. जिन्यातच म्हणाला, "बाई बरी आहे. टाके पडले. पोराला काही झालं नाही." बस्स. मी का मारला, का पळालो, एक शब्द विचारला नाही. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर पुढचं घडलं असतं का? माहीत नाही. बहुतेक घडलंच असतं.

परीक्षा झाली. दोघंही चांगले पास झालो, तो माझ्याहून वर. त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची एक जागा निघाली. जागा म्हणजे नुसती नोकरी नव्हे. पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग बघायचे आणि त्यासोबत एम.एस्सी. करायचं. सुधाकरला दुसरा मार्गच नव्हता. घरात मागे चार भावंडं होती. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की जागा त्याची. मीही धरलं होतं.

मग एके दिवशी आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख सरांनी मला एकट्याला आतल्या खोलीत बोलावलं.

सर वाईट नव्हते. खुर्ची पुढे करून म्हणाले, "दोघांपैकी एकाचं नाव मला वर द्यायचंय. पण वरच्या लोकांना गडबड करणारा मुलगा नकोय. आपल्या ऑफिसातले एकजण ठाकूरद्वारला राहतात. त्यांनी त्या दिवशी सुधाकरला ट्रामपाशी पाहिलं म्हणतात. दुसरा कुणी पोरगा पळाला, त्याचा चेहरा दिसला नाही. तू त्याचा मित्र आहेस. दगड कुणी मारला, वसंत?"

बाहेर कुणीतरी नळ चालू ठेवला होता. मी त्या पाण्याचा आवाज ऐकत बसलो होतो. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तेही नको, नुसतं 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "सुधाकर तापट आहे, सर."

बघा, त्यात 'त्याने मारला' असं कुठेच नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. मी खोटं बोललो नाही, सरांनी हवा तो अर्थ काढला. पण सुधाकर तापट होता का? चार वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. सरांनीही ऐकला नव्हता. तरी सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं."

का वाटलं होतं त्यांना? आणि ते वाटणार, हे मला आधीच कसं ठाऊक होतं?

इथेच मी दरवेळी उठून फेऱ्या मारतो. आज नाही उठत.

मला ठाऊक होतं, कारण ते शब्द मी निवडून घेतले होते. वर्गातल्या दुसऱ्या कुणाबद्दल — एखाद्या जोशीबद्दल, एखाद्या सावंताबद्दल — मी तसं बोललो असतो तर सरांनी विचारलं असतं, तू स्वतः पाहिलंस का? सुधाकरबद्दल विचारणार नाहीत, याची मला खात्री होती. मी त्याच्या घरी जेवलो होतो. त्याच्या आईने माझ्या ताटात आधी वाढलं होतं. जात मानत नाही म्हणून चाळीत मी छाती काढून हिंडायचो. आणि वेळ आली तेव्हा माझ्या मित्राची जात मी वापरली. नाव न घेता, हळू आवाजात. दगडापेक्षा हे मोठं आहे. माझ्या पळण्यापेक्षाही.

जागा मला मिळाली. बातमी कळल्यावर सुधाकर स्वतःहून आला. माझ्या पाठीवर हात मारून म्हणाला, "आपल्यातला एक तरी आत शिरला रे." त्याच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. म्हणून त्याला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. सरांनी त्याला बोलावलं होतं का? माझं नाव सांगितलं होतं का? तो काय म्हणाला असेल?

महिन्याभरात तो शिवडीला बंदरावरच्या गोदामात लागला. आलेल्या-गेलेल्या मालाची मोजदाद करायचं काम. त्याच दसऱ्याला तो घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झाला आणि परत आल्यावर तासभर मला तिथलं सांगत बसला. त्याला एवढं मोकळं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मुंबई आपल्याला मिळाली तेव्हाही आम्ही बरोबर होतो. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. मी प्राध्यापक झालो, पुढे विभागप्रमुख. रसायनशास्त्रावर प्रेम नसलेला माणूस ते पस्तीसेक वर्षं शिकवू शकतो. मी शिकवलं. सुधाकर बंदरातूनच निवृत्त झाला. एम.एस्सी. त्याने कधी केलं नाही. मी एकदा विषय काढला तर हसून म्हणाला, "आता कशाला रे."

तो गेला तेव्हा मी परळला त्याच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. त्याची मुलगी वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. रसायनशास्त्र घेऊन शिकलेली, माझ्याच हाताखालची.

म्हणाली, "काका, बाबा नेहमी सांगायचे. चळवळीत त्यांनी ट्रामवर दगड मारला, एका बाईला लागलं, म्हणून कॉलेजने त्यांना घेतलं नाही. म्हणायचे, चूक माझी होती, कॉलेजचा दोष नाही. तुम्ही होतात ना तेव्हा तिथे?"

म्हणजे दगड आपल्या नावावर लागलाय, हे त्याला कधीतरी कळलं होतं. आणि त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, पोटच्या मुलीसमोरसुद्धा. तिला माझ्या वर्गात पाठवायचं होतं म्हणून? मला वाचवायला? की खरं सांगून उपयोग नाही, हे त्याला फार पूर्वीच कळून चुकलं होतं म्हणून?

ती माझ्याकडे बघत होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला कुणी घाई करत नव्हतं, आता कुठली जागाही जाणार नव्हती.

मी म्हणालो, "हो. होतो मी."

"मग खरंच त्यांनीच मारला?"

"हो," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. मी तो प्यायलो. वैशाली आता औरंगाबादला शिकवते. दिवाळीला फोन करते, माझी तब्येत विचारते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.