तिरप्या नजरेचं आभाळ

फोन आला तेव्हा मी ओसरीवर पोहे पाखडत होते. रायपूरहून शकूताईंचा मुलगा बोलत होता, "काकू, आई सकाळी झोपेतच गेली..." पुढचं काही कानात शिरलंच नाही. ताई आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली आणि मला, शेजारणीला, गच्चीवर ओढलं. माझे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते. दिवेलागण झाली की घर खायला उठायचं. ताईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "घरात एकटी कायले बसून राहिलीस? वर ये."

मला सगळं मोठं करून पाहायची घाई. त्या नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बदलू द्यायच्या नाहीत. "मोठं केलं का अंधुक होते. दुर्बिणीचा जोर आतल्या आरशाच्या रुंदीत असते. जेवढा रुंद, तेवढा उजेड गोळा करते." ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात आणि प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, हेही त्यांनीच शिकवलं. देवयानी दीर्घिका शोधताना म्हणाल्या, "अंधुक वस्तूकडे थेट नको पाहू. जराशी बाजूले नजर टाक, मंग दिसते." आणि खरंच, धुरकट डाग हळूच उमटला.

मागच्या हिवाळ्यात, धानाची कापणी उरकल्यावर, दुर्बीण त्याच दीर्घिकेवर लावली. ताई कितीतरी वेळ वाकून होत्या. "बाजूले पाहिलं का काहीच नाही दिसून राहिलं..." गोंदियाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून विझत आली होती. त्यानंतर त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि मी पाहून सांगायची. "सुंदर आहे," म्हटलं की चिडायच्या. "सुंदर हाये ते मले माहीत हाये. आकार सांग. कडा कशी हाये ते सांग." त्या रागावण्यातूनच मी पाहायला शिकले. उन्हाळ्यात मुलानं त्यांना रायपूरला नेलं. दुर्बीण माझ्याकडे ठेवून गेल्या.

त्या फोननंतर, परवा अंधार पडल्यावर दीर्घिका लावली, बाजूला नजर टाकली आणि सवयीनं मोठ्यानं सांगू लागले, "लांबट आहे, मधे दाट, कडा विरत गेलेली..." पलीकडच्या गच्चीवर वाळवणाच्या मिरच्या गोळा करणारी शेजाऱ्यांची सून थबकली.

"कोणासंग बोलून राहिल्या, काकू?"

"कोणासंगच नाही."

ती खाली जाईपर्यंत थांबले. मग उरलेलं सांगितलं.