बाबांचं टीव्हीवरचं वाक्य

माझे सासरे, म्हणजे बाबा, बातम्या वाचायचे नाहीत, तपासायचे. मुंबईत त्यांनी एका छापखान्यात प्रुफं वाचली होती. इंग्लंडला आल्यावर वॉटफर्डच्या एका छापखान्यात आधी गोदामात आणि मग बऱ्याच वर्षांनी पुन्हा प्रुफांच्याच टेबलावर त्यांनी नोकरी केली. रिटायर झाल्यावर ते रोज दोन पेपर आणायचे, एकमेकांच्या विरुद्ध मतांचे, आणि किचनमधल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसायचे. 'सूत्रांनी सांगितलं' असं कुठे आलं की त्याखाली रेघ. "सूत्राला आईबापांनी नाव ठेवलं नाही का?" असं ते मला विचारायचे, जणू तो पेपर मीच काढला होता.

शहाऐंशी साली अमेरिकन विमानं इथल्या तळांवरून उडाली आणि लिबियावर बॉम्ब टाकून परत आली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन्ही पेपरांत 'वी' हा शब्द जिथे जिथे आला तिथे गोल काढले. मला म्हणाले, "मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं आहे. बोलणाऱ्याला ठरवावं लागतं, समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. ह्यांच्या 'वी'मध्ये तू आहेस की नाहीस, हे ह्यांना सांगावंच लागत नाही." मला ते तेव्हा जरा ताणल्यासारखं वाटलं. कौन्सिलच्या ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला सर्वनामांचा एवढा उत्साह नसतो.

मग एक्क्याण्णवचा जानेवारी आला, आखातातलं युद्ध सुरू झालं, आणि आमच्या फ्रंट रूममधला टीव्ही दिवसभर चालू राहू लागला. हिरवट अंधारात ठिणग्या उडायच्या. गणवेशातला कुणीतरी हातात काठी घेऊन इमारतीच्या धुराड्यातून बॉम्ब कसा अचूक आत गेला ते दाखवायचा. बाबा सोफ्याच्या टोकावर बसून म्हणायचे, "इमारतीत माणसं होती की नाही, ते विचार ना त्याला." अमेरिकेतली दृश्यंही दाखवायचे. घराघरांवर झेंडे, सैनिक सुखरूप परतावेत म्हणून झाडांना पिवळ्या फिती, रडणाऱ्या आया. बाबांना त्या रडण्याचाही संशय. "खोटं नाही रडत ती," ते म्हणायचे, "पण कॅमेरा तिच्या दारात आधीच कसा?"

माझा धाकटा दीर न्यू जर्सीत होता. बर्मिंगहॅमला शिकून तो अमेरिकेला गेला, तिथलाच झाला. त्याने अंगणातल्या झाडाला पिवळी फीत बांधली होती आणि दर शनिवारी फोनवर तो युद्धाची हकिगत सांगायचा. "बाबा, आपण दोन आठवड्यांत संपवतो बघा."

"आपण म्हणजे कोण रे?" बाबा विचारायचे. "मी इथे पालक निवडतोय."

त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी मी अर्धी रजा काढून बाबांना चष्मा आणायला हाय स्ट्रीटवर घेऊन गेले. परत येताना मला केमिस्टकडे जायचं होतं. आत गर्दी, म्हणून ते बाहेर थांबले. मी रांगेत उभी राहून काचेतून पाहिलं तर बाबांच्या समोर एक मुलगी माइक धरून उभी, तिच्या मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस. बाबांनी ओव्हरकोटची वरची बटणं लावून घेतली. ते बोलू लागले. हातवारे करत होते, मध्येच हसले, मुलगी मान डोलवत होती. मला शब्द ऐकू येत नव्हते. माझा नंबर आला, मी औषध घेऊन बाहेर पडले तोवर ती माणसं सामान गुंडाळत होती.

"अमेरिकन चॅनेल," बाबा म्हणाले. "इथल्या लोकांना युद्धाबद्दल काय वाटतं ते हवं होतं. सर म्हणत होती मला."

"मग काय सांगितलंत?"

बसस्टॉपवर त्यांनी सगळं सांगितलं. "म्हटलं, तुमची पोरं शूर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पाठवणारे घरी बसलेत. जो तो म्हणतो, समबडी हॅज टु डू इट, कुणीतरी करायलाच हवं. मग हा समबडी कोण, आणि त्याला कुणी नेमलं, ते तुमच्या टीव्हीवर एकदा विचारा." चेहरा गारठ्याने आणि आनंदाने लाल झाला होता. आयुष्यभर पेपरांना मनातल्या मनात जाब विचारलेल्या माणसाला शेवटी समोर पेपर भेटला होता.

शनिवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर घेऊन आले, पण टेबलाशी बसले नाहीत. तो दुकानदार पाकिस्तानातून आलेला, बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. दोघांच्या रोज हिंदी-उर्दूत गप्पा व्हायच्या, तो त्यांना चाचा म्हणायचा आणि त्यांचे पेपर बाजूला काढून ठेवायचा. युद्ध सुरू झाल्यावर कुणीतरी त्याच्या दुकानाची काच फोडली होती. तिथे प्लायवूड ठोकलेलं होतं.

"आज पेपर काढून ठेवले नव्हते त्याने," बाबा म्हणाले. "आणि मला सर म्हणाला."

"गडबडीत असेल."

"गडबडीत माणूस सर म्हणतो?"

उत्तर दुपारी आलं. दिराचा फोन. तो इतका खुशीत होता की मी रिसीव्हर लांब धरला तरी ऐकू येत होतं. "वहिनी, बाबा टीव्हीवर! काल संध्याकाळच्या बातम्यांत! मी रेकॉर्ड केलंय. बाबा म्हणाले, द अमेरिकन्स आर ब्रेव्ह, समबडी हॅज टु डू इट. बस, संपलं. क्लासिक!"

आमची मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. "आजोबा फेमस झाला!" ती ओरडली. आजोबा मात्र खुर्चीवर बसले होते.

इथलं एक चॅनेल त्या दिवसांत अमेरिकन बातम्या पहाटे दाखवायचं, आणि दुकानदार पहाटे दुकान उघडून काउंटरवरचा छोटा टीव्ही लावायचा, हे मग ध्यानात आलं. बाबा तसेच चपला घालून दुकानात गेले. मी मागून गेले. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पोरं, पाठवणारे, समबडी. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "कोई बात नहीं, सर," तो म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आठवड्याभराने दिराने पाठवलेली कॅसेट आली. अमेरिकेतली कॅसेट इथल्या मशीनवर नीट चालत नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वरून खाली धावत होत्या, माणूस दिसतच नव्हता. आवाज मात्र स्वच्छ. बाबांचाच आवाज, बाबांचेच उच्चार, पाच-सहा सेकंद. माझ्या नवऱ्याने ते तीनदा ऐकवलं.

"बाबा, बोलण्याच्या भरात निघून गेलं असेल," तो म्हणाला.

"कापलंय त्यांनी."

"कापलं असेल हो. पण दोन वाक्यं तर तुमचीच ना?"

मी बाबांच्या बाजूने बोलले, आणि बोलताना मनात पाल चुकचुकत होती. मला काचेतून दिसलेलं हसू आठवत होतं. सर म्हणणाऱ्या त्या मुलीसमोर ते खरंच एवढं सगळं बोलले असतील? की समोर माइक असताना दोन गोड वाक्यं बोलून मोकळे झाले आणि झणझणीत उत्तर बसस्टॉपपर्यंत चालताना सुचलं? ते सगळ्यांनाच तसं उशिरा सुचतं. शिवाय त्यांची हकिगत दर वेळी थोडी बदलत होती. कधी समबडीचा प्रश्न शेवटी यायचा, कधी आधी. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी तेलाचाही मुद्दा घातला, जो बसस्टॉपवर नव्हता.

त्यांनाही ते जाणवत असावं. युद्ध संपत आलं तेव्हा ते म्हणाले, "त्या चॅनेलचं ऑफिस लंडनला आहे. सगळं बोलणं त्यांच्या टेपवर असणार. ते ऐकायचंय मला." मी त्यांच्याबरोबर गेले.

रिसेप्शनमधल्या रबराच्या झाडाला पिवळी फीत बांधलेली होती. तासाभराने एक तरुण अमेरिकन बाहेर आला, बाह्या दुमडलेला, डोळ्यांत झोप. बाबांना पाहून तो खरोखर आनंदला. "सर, तुम्ही मस्त बोललात. आमच्या प्रेक्षकांना फार आवडलं." बाबांनी पूर्ण टेप मागितली. तो म्हणाला, टेप पुन्हा वापरतात, त्या दिवसाची केव्हाच पुसली.

"मग मी आणखी काय बोललो, ते तुम्हाला कसं कळणार?" बाबांनी विचारलं.

त्याला प्रश्न समजेना. "सर, तुम्ही जे बोललात ते आम्ही दाखवलं," तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने आम्हाला कॉफी दिली, दारापर्यंत सोडायला आला.

यूस्टनहून परतीच्या ट्रेनमध्ये बाबा खिडकीशी बसले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "मुलगा वाईट नव्हता." मग म्हणाले, "खरं सांगू? मला आता नक्की आठवत नाही. आठवायला गेलं की कॅसेटचाच आवाज येतो."

मी म्हटलं, "तुम्ही बसस्टॉपवर सांगितलं होतंत मला."

"बसस्टॉपवर सांगितलं, हे आठवतं. त्यांना सांगितलं होतं का, ते आठवत नाही."

दुकानातली नवी काच वसंतात बसली. एका सकाळी मी दूध घ्यायला त्यांच्याबरोबर होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दुकानदाराने पैसे परत करताना अचानक विचारलं, "आपने वो कहा या नहीं कहा, छोड़िए। खड़े क्यों हुए उनके सामने?" त्याच्याकडेही पत्रकार आले होते, काच फुटली तेव्हा. त्याने शटर खाली ओढलं होतं. बाबा काउंटरवर हात ठेवून उभे राहिले. दुकानदाराने उत्तराची वाट पाहिली नाही. पण त्यानंतर त्यांचे पेपर पुन्हा बाजूला निघू लागले, आणि सर म्हणणं हळूहळू बंद झालं. चाचा मात्र पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

ऑगस्टमध्ये दीर बायकामुलांना घेऊन आला. मुलांच्या टी-शर्टांवर झेंडे होते. मला वाटत होतं आता खडाजंगी होणार. बाबा सहा महिने शब्द जुळवत होते. एका दुपारी मुलं बागेत होती, मी किचनमध्ये कणीक मळत होते, आणि बापलेक टेबलाशी बसले होते.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," दीर म्हणाला. त्याचा नेहमीचा मोठा आवाज नव्हता. "जानेवारीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीवर कुणीतरी काहीतरी खरडलं होतं. खिळ्याने."

"काय खरडलं होतं?"

"ते जाऊ द्या. आम्ही इराकी नाही, हे सांगायचं तरी कुणाला? हिला मी म्हटलं, ट्रॉली घासली. मग तुम्ही टीव्हीवर आलात. सोमवारी माझा बॉस स्वतः माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, तुझे वडील सज्जन दिसतात. त्यानंतर लोक माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागले."

मी हात थांबवून बाबांकडे पाहिलं. दिराच्या अंगणातल्या झाडाची पिवळी फीत मला आठवली, ती जानेवारीत नेमकी केव्हा बांधली असेल असं मनात आलं. विचारलं नाही.

"तुम्ही तेच म्हणाला होतात ना, बाबा?" दिराने विचारलं. "दादा म्हणतो, तुम्हाला कापलंय असं वाटतं."

बाबांनी पेन्सिल उचलून शर्टच्या खिशात ठेवली.

"नाही रे," ते म्हणाले. "म्हणालो होतो मी तसं."

दीर उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बागेत गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेपर पुढे ओढून वाचू लागले.

त्यानंतर ते सात-आठ वर्षं होते. कुणी त्या क्लिपचा विषय काढला की ते मान डोलवायचे, हो, म्हणालो होतो. आम्हालाही तेच सांगायचे, मुलीलाही. ते मुलासाठी तसं म्हणत राहिले, की तोवर त्यांना तेच खरं वाटू लागलं होतं, मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारायचं ठरवलं होतं, ते हॉस्पिटलात असताना. तेव्हा समोर टीव्ही चालू होता, रस्त्यावरचा कुणी एक माणूस माइकसमोर चार शब्द बोलला आणि दृश्य बदललं. बाबा म्हणाले, "बंद कर तो." मी बंद केला, आणि आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत बसलो.