रजिस्ट्री माझ्या नावाची

स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला घर म्हणजे काय ते कळत नाही, हे माझं मत जुनं आहे. आमच्या सेक्टर १० मध्ये नळ गळायला लागला की कोणी पाना शोधत नसे, कंप्लेंट लिहून येत असे. खिडकीची जाळी फाटली, कंप्लेंट. संडासाची कडी निघाली, कंप्लेंट. माझे बाबा चौतीस वर्षं कोक ओव्हनच्या धगीसमोर उभे राहिले, पण घरच्या नळाचा वॉशर त्यांना कधी बदलता आला नाही. त्यासाठी माणूस येणार होता, आणि तो येईपर्यंत खाली बादली असे.

पण दुसऱ्याच्या घरात हौस पुरवून घ्यायला हेच बाबा पुढे. हॉलमध्ये त्यांनी पांढऱ्या टाइल्स बसवल्या. मागच्या अंगणात दादाच्या अभ्यासासाठी टिनाची खोली काढली. भिंतींना पिस्ता रंग दिला आणि तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. परवानगी घेतली का, असं मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच डाफरले, "कोनाले इचारू? इथं मी राहतो का साहेब राह्यते?" आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाला टाइल्स! त्यांच्या शिफ्टमधले लोक वैशाली नगरकडे प्लॉट घेत होते तेव्हा बाबा त्यांना हसायचे. "क्वार्टर हाय ना बापा, घर घेऊन का करतं?" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते सुरू झालं की मी उठून आत जायचे.

रिटायरमेंटला वर्ष राहिलं तेव्हा कुठे आमच्या घराला जाग आली. क्वार्टर सोडावं लागणार हे चौतीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी आईचा चेहरा असा झाला जणू कोणी कालच येऊन सांगितलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. रायपूरच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासत होते, रोज बसने जाऊन येऊन. लग्न केलं नव्हतं. त्यामुळे नातेवाइकांत माझा उल्लेख "पोरगी घरीच असते" असा व्हायचा, फ्रिज घरीच असतो तसा. माझ्या वयाच्या मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांबरोबर सॅम्पल फ्लॅट पाहत हिंडत होत्या आणि मॉड्युलर किचनचे फोटो पाठवत होत्या. मला किचनचं काही पडलं नव्हतं. आईबाबा माझ्याजवळ राहावेत, आणि कोणी रिकामं करा म्हणणार नाही असं एक दार माझ्या नावावर असावं, एवढंच मला हवं होतं. आईबाबा पुण्याला दादाकडे गेले असते तर मी रायपूरला चार मुलींच्या खोलीत एक कॉट घेऊन पडले असते.

दादाने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. "ये देखो आई, ये आपका रूम." त्या रूममध्ये ट्रेडमिल होती, इस्त्रीचं टेबल होतं आणि भिंतीला टेकून तीन सुटकेसा होत्या. आई बिचारी फोनमध्ये डोकं घालून पाहत होती. "पलंग कुठं लावशीन रे?" "अरे हो जाएगा मॅनेज, आई. तुमी या त खरं." मग बाबांनी पैसा कुठे ठेवावा, कोणती गादी घेऊ नये, सामान कसं पॅक करावं, सगळं त्याने तिकडूनच सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं. तिकीट काढू का, असं मात्र त्याने विचारलं नाही. कॉल संपल्यावर बाबा "पाहू" म्हणाले आणि आईने त्या सुटकेसांची बाजू घेतली. "त्याले बी जागा कमीच हाय," म्हणाली. मुलाचा निगरगट्टपणा आयांना जागेची अडचण वाटतो, ही गोष्ट मला तेव्हा नवीन नव्हती.

मग किरायाचं घर पाहू म्हणून मी बाबांना घेऊन वैशाली नगरला गेले. घरमालक स्वतः प्लांटमधून रिटायर झालेला, वरच्या मजल्याच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. तो मुलगी पाहायला आल्यासारखा खुर्चीत बसला आणि आम्हाला स्टुलावर बसवलं. कौन रहेगा, असं विचारलं. मी म्हटलं, मी आणि आईबाबा, एग्रीमेंट माझ्या नावाने करा. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना म्हणाला, "बेटा क्या करता है आपका?" बेटा पुण्याला आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "तो एग्रीमेंट उसी के नाम से करा लेते हैं." जो त्या घरात पाय ठेवणार नव्हता त्याच्या नावाने! पुढे नॉनव्हेजचा प्रश्न आला. दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे पहिला नंबर लावणारे माझे बाबा दोन्ही हात जोडून म्हणाले, "नहीं नहीं, कभी-कभार अंडा."

जिन्यात मी त्यांना धरलं. "खोटं कावून बोलले तुमी?"

"किरायानं राह्याचं त असं बोलाच लागते, बाई."

भट्टीपुढे न वाकलेला माणूस दोन खोल्यांपुढे वाकलेला मी त्या दिवशी पाहिला, आणि मला कीव आली नाही, राग आला. घरमालकाचा जितका आला तितकाच बाबांचा.

त्याच महिन्यात मी कुम्हारीला फ्लॅट पक्का केला. फार कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. हायवेला लागून इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. बिल्डरच्या कागदावर झाडं, कारंजं आणि एक गोरं कुटुंब छापलेलं होतं, प्रत्यक्षात ट्रकांची रांग आणि बाल्कनीच्या कठड्यावर काळी भुकटी. पण रायपूरची बस दारातून मिळत होती, सेक्टरही लांब नव्हता, आणि बँकेने मला माझ्या पगारावर कर्ज दिलं होतं. बँकेने कोणाचा बेटा काय करतो ते विचारलं नाही.

बातमी कळताच भंडाऱ्याहून आत्या आली. "घर पाहावं बांधून, लगन पाहावं करून" असं तिने बसल्या बसल्या ऐकवलं, आणि वर, "पोरीनं आधी घर घेतलं त तिच्याशी लगन कोन करन? पोराले लाज नाही वाटन?" मी म्हटलं, "आत्या, लाज वाटनारा नकोच मले. बिनलाजेचा असन त सांग." आत्या दोन दिवसांसाठी आली होती, दुसऱ्याच सकाळी गेली. आईने चार दिवस मला धुसफुसत वाढलं.

खरी लढाई बाबांशी झाली. फ्लॅट पाहून आले, सगळे नळ उघडून पाहिले, भिंतीवर टिचक्या मारल्या, आणि परतताना बसमध्ये म्हणाले, "रजिस्ट्रीत दादाचं नाव टाकून दे संगं."

"कावून?"

"मानसानं म्हातारपनी पोरीच्या घरी राह्यनं बरं नाही दिसत. लोकं का म्हनतीन?"

मला जे सुचलं ते मी बोलून टाकलं. चौतीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या घराला टाइल्स लावत बसलात म्हणून आज ही वेळ आली, असं म्हटलं. दादाने एका खिडकीचे पैसे तरी दिले का, असं म्हटलं. आणि शेवटी म्हटलं, "लोकायले सांगजा, पोरीकडं किरायानं राहून राहिलो. मंग त बरं दिसन ना?" पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही, कारण मी बरोबर होते. दादाचं नाव मी टाकलं नाही.

रजिस्ट्रीला दोन साक्षीदार लागतात. एक माझ्या लॅबमधली मैत्रीण होती, दुसरे बाबा. न सांगता ते सकाळी तयार होऊन बसले होते. ऑफिसातल्या बाबूने कागद पाहिले आणि हसून म्हणाला, "पापा गिफ्ट दे रहे हैं बिटिया को?" मी चढ्या आवाजात म्हटलं, "नहीं. मैं खरीद रही हूँ." खोलीतली चार माणसं माझ्याकडे पाहायला लागली आणि मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. बाबूने जिथे बोट ठेवलं तिथे बाबांनी सही केली.

रिटायरमेंटनंतर क्वार्टर सोडताना टिनाची खोली पाडून द्यावी लागली. किल्ली देण्याच्या दिवशी बाबांनी हॉलच्या टाइल्स स्वतः पुसल्या, कोपरे ओल्या फडक्याने घासले. "सोबत घेऊन चला ना त्या," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

कुम्हारीला आल्यावर सामान आठवड्यात लागलं. एकच वस्तू लागली नाही. बाबांच्या विदाईला शिफ्टच्या लोकांनी एक मोठा फ्रेम केलेला फोटो दिला होता. चाळीसेक माणसं हेल्मेट घालून उभी, मध्ये बाबा, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नाही. तो पेपरात गुंडाळलेला सोफ्यामागे उभा होता. पंधरा दिवस झाले तरी तिथेच. एका रविवारी झाडताना तो माझ्या पायाला लागला आणि मी नेहमीप्रमाणे तोंड सोडलं, "कंप्लेंट लिहिली का बाबा, खिळा ठोकाले मानूस येनार हाय का?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि हळूच म्हणाली, "तुले इचारल्याबिगर नाही ठोकत ते. मले बी नाही ठोकू देत. पोरीची भिंत हाय म्हनते."

मी हातोडी आणली, खिळे आणले, बाबांपुढे ठेवले. "ठोका. तुमाले पटन तिथं."

"तू सांग," ते उठत म्हणाले. "कुठं ठोकू?"

"कुठंही ठोका ना!"

"नाही. तू सांग."

माझं डोकं फिरलं. या माणसाने परक्याच्या क्वार्टरमध्ये कोणाला न विचारता खोली उभी केली होती, आणि माझ्या घरात एका खिळ्यासाठी हुकूम मागत होता. मी मुद्दाम बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. दार उघडलं की त्यामागे झाकली जाते त्या भिंतीवर, जिथे झाडू आणि वायपर टेकवलेले असतात तिथे. मला त्यांना चिडवायचं होतं. "डोकं ठिकानावर हाय का तुहं?" एवढं त्यांनी ओरडावं, फोटो हॉलमध्ये मधोमध लावावा आणि मला दोन शिव्या द्याव्यात, याची मी वाट पाहत उभी राहिले.

बाबांनी झाडू उचलून बाजूला ठेवला. वितीने जागा मोजली. खिळा ठोकला, फोटोवरचा पेपर काढला, बाहीने काच पुसली आणि तो तिथे लावला.

"सरळ हाय का?" त्यांनी विचारलं.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी तो काढा, इकडे लावा, हे तोंडातून निघेना. आता तेही हुकूम दिल्यासारखंच झालं असतं. मी म्हटलं, "हाय."

मग बाबांनी झाडू उचलला आणि फोटोखाली, होता तिथेच, परत उभा करून ठेवला.