मोताळ्यात बसून ओळखलेला समुद्रसाप

माझ्या मुलाला मी विषारी समुद्रसाप हाताने उचलायला सांगितलं. शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसह आणि कारणं देऊन सांगितलं.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मोताळ्यात राहतो, एकटाच. बायको, म्हणजे सुमन, सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून पुण्याला गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली. नात पाळण्यातून उतरली, चालायला लागली, भांडायला लागली. सुमनचे दोन महिने काही संपले नाहीत. रोज संध्याकाळी फोन येतो.

"जेवले का?"

"हो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

"बरं."

(एकदा बदल म्हणून "पिठलं" म्हणालो, तर तिनं घाबरून विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" तेव्हापासून पिठलं केलं तरी खिचडीच सांगतो.)

तर त्या रविवारी ही सगळी मंडळी मालवणला फिरायला गेली होती आणि मी घरी ओट्याशी उभा राहून कालची पोळी खात होतो. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर प्रशांतनं, म्हणजे माझ्या मुलानं, फोटो टाकला. ओल्या वाळूत एक साप. राखाडी अंग, त्यावर काळपट पट्टे. खाली लिहिलं होतं, "बाबा, हा कोणता? कोळ्यांच्या जाळ्यातून पडलाय वाटतं, जिवंत आहे. हाताने उचलून पाण्यात सोडला तर चालेल का?"

हा मेसेज मी चार वेळा वाचला. सापासाठी एकदा, आणि "बाबा, हा कोणता?" एवढ्यासाठी तीनदा. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. भाजीवालासुद्धा न विचारताच पावशेर वांगी तोलतो. मी हात धुतले, घरात कोणी नसताना इस्त्रीचा शर्ट घातला आणि उत्तर द्यायला खुर्चीत बसलो.

उत्तर मला फोटो बघतानाच ठाऊक होतं. ढोंड्या! पुस्तकात त्याला पाणदिवड म्हणतात. नोकरीच्या काळात आजूबाजूच्या गावांत विहिरीत साप दिसला की लोक मला बोलवायचे आणि दरवेळी तो ढोंड्याच निघायचा. मी तो हाताने धरून नाल्यात सोडायचो आणि चहा पिऊन घरी यायचो. त्यामुळे पाण्याजवळ दिसला तो ढोंड्या, हा माझा पक्का नियम झाला होता. पाणी किती मोठं आहे, हे बघायची आमच्याकडे कधी वेळच आली नाही.

आता एका शब्दात "ढोंड्या" लिहून टाकायचं? इतक्या दिवसांनी आलेला प्रश्न असा एका शब्दात संपवायचा? मी कुळापासून सुरुवात केली. खवले, खाद्य, अंडी, सापांविषयीचे गैरसमज, मग धामणगाव बढ्याच्या विहिरीतला प्रसंग (थोडा वाढवून). शेवटची ओळ अशी, "सबब सदर साप बिनविषारी असून तो निर्धास्तपणे हाताने उचलावा." पाठवलं. चहा टाकला. उकळेपर्यंत चष्मा पुसला आणि आपण ओळखलेला साप एकदा डोळे भरून बघावा म्हणून फोटो मोठा केला.

शेपटी चपटी होती. वल्ह्यासारखी.

"समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते," हे वाक्य मी तीस वर्षं पोरांकडून लिहून घेतलं होतं. ज्यांनी "निमुळती" लिहिलं त्यांचा अर्धा गुण कापला होता. मी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. नाकपुड्या थोबाडाच्या वरच्या बाजूला, जुळलं. पोटावर जमिनीवरच्या सापांचे असतात तसे रुंद खवले नाहीत. फोटोत तो कुशीवर पडलेला होता, पोट दिसत होतं, तेही जुळलं. वरचा ओठ चोचीसारखा खाली वळलेला, तंतोतंत जुळलं. चोचीच्या नाकाचा समुद्रसाप. विष जहाल. स्वभाव? पुस्तकात "तापट" लिहिलं होतं.

चहा उतू गेला तो तसाच जाऊ दिला आणि मेसेज पुसायला धावलो. बोट धरून ठेवलं, दोन पर्याय आले. घाईत "माझ्यासाठी हटवा" दाबलं. झालं! मेसेज माझ्या फोनवरून गेला आणि जगातल्या बाकी सगळ्या फोनांवर राहिला. आता मी नेमकं काय लिहिलं होतं, हे फक्त मलाच दिसत नव्हतं.

प्रशांतला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सूनबाईला लावला. वाजून वाजून बंद. सुमनला लावला. तोही बाहेर. डोळ्यांसमोर प्रशांतचा पुढे केलेला हात दिसायला लागला. लहानपणी विहिरीच्या काठावर उभं करून मीच त्याला साप कसा धरायचा ते शिकवलं होतं. तो माझं ऐकून धरणार, यात मला शंका नव्हती.

तसाच गल्लीत आलो. समोर गजूभाऊ, माझे शेजारी, मोटारसायकल पुसत होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "गजूभाऊ, साप..."

पुढचं बोलायच्या आत ते काठी घेऊन माझ्या घरात शिरले होते. मागून आणखी चारजण. कोणीतरी सर्पमित्र शकीललाही बोलावलं. तो बाजारातच होता, पाच मिनिटांत साप धरायची आकडी घेऊन हजर झाला. मी दारात उभा राहून आळीपाळीने तिन्ही नंबर फिरवत होतो आणि आत माझं घर उलटं होत होतं. गॅसची टाकी सरकली, गाद्या उभ्या राहिल्या. ओट्यावरचं एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाजूला झाला. पलंगाखालून सुमनच्या चपला निघाल्या.

"सर, वहिनी तं पुण्याले हाय," गजूभाऊ चपला उलट्यासुलट्या करत म्हणाले. "ह्या चपला पुसून काऊन ठेवल्या?"

"धूळ बसते."

गजूभाऊंनी चपला होत्या तशा जोडीनं ठेवल्या. मग शकीलनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "सर, साप नेमका दिसला कुठं?"

"मालवणले."

काठ्या खाली आल्या. शकील माझा विद्यार्थी, त्यानं माझ्या हातातला फोन घेतला, फोटो बघितला आणि म्हणाला, "सर, शेपूट तं चपटी हाय. तुमीच तं लिवून देल्लं होतं."

"माहीत आहे रे."

"माहा अर्धा मार्क कापला होता तुमी."

"माहीत आहे. तरी प्रशांतला मी ढोंड्याच सांगितला."

"मंग ह्याले ढोंड्या काऊन म्हनले?"

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. सुमन.

"प्रशांत कसा आहे?" मी ओरडलो.

"कसा राहीन? मासे खाऊन राह्यला. हॉटेलात आता कुठं रेंज आली. काऊन हो, इतके फोन?"

"हात... त्याचा हात बरा आहे ना? सापाला हात लावला का त्यानं?"

"नाही बा. एका कोळ्यानं वल्ह्यानं लोटला तो पाण्यात. जहरी हाय म्हने."

मी पायरीवर बसलो. मग विचारलं, "आणि माझा मेसेज?"

"अर्धा घंटा तं नुसतं 'टाइप करत आहे' दिसून राह्यलं होतं. तुमचा मेसेज आला तवा साप केव्हाच गेल्ता."

"पण नंतर तरी वाचला असेल ना?"

"कोन वाचते एवढं? दोन ओळी दिसतात, खाली 'आणखी वाचा' येते. ते कोनं दाबलं नाही."

"कोणीच?"

"कोनंच."

मुलगा वाचला, याचा आनंद मला झाला. खरंच झाला. पण गजूभाऊ, शकील आणि बाकीची मंडळी समोर उभी होती, फोनचा आवाज मोठा होता, आणि शिक्षकाला एवढ्या लोकांदेखत गप्प बसता येत नाही.

"सुमन," मी म्हणालो, "शाळेतल्या पोरांनी तीस वर्षं माझा शब्द न् शब्द ऐकला."

"त्याहिच्या वर्गाच्या दाराले कडी लावलेली राहे," ती म्हणाली.