रंग फवारणाऱ्या विमलताई

विमलताई वाघमारे कोणाला बिस्कीट दिलं की लगेच निघत नसत. समोरच्याने ते तोंडात घालून चावेपर्यंत दारात उभ्या राहत. मग मान हलवत, चपला पायात सरकवत आणि जिना उतरत.

पाच वर्षांपूर्वी त्या हैदराबादेत नारायणगुड्याच्या आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायला आल्या. पहिल्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई, हातात स्टीलची ताटली आणि ताटलीत चार बिस्किटं. रेवा, ईशान, तुम्ही ज्यांना कुकीज म्हणता तीच ही. साखरेच्या पांढऱ्या थरावर निळी जाळी होती, इतकी बारीक की मला आधी वर कागद चिकटवलाय असंच वाटलं. मी आभार मानले, ताटली घेतली आणि म्हटलं, "चार वाजता चहाबरोबर खाईन." दोन जेवणांच्या मध्ये मी काही खात नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

"चार वाजता?"

"हो."

"मग चार वाजता येते."

आणि त्या खरंच चार वाजता आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी बिस्कीट खाल्लं. वेलचीचा वास होता आणि गोडाच्या मागे किंचित मीठ. माझा चहा संपेपर्यंत त्या थांबल्या, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला आणि गेल्या. संध्याकाळी मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "खालची बाई जरा विक्षिप्त दिसते." आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू चार वाजता खाते म्हणालीस, ती चार वाजता आली. यात विक्षिप्त कोण?"

विमलताई मूळच्या नांदेडच्या. लग्नानंतर हैदराबादला आल्या आणि एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागल्या. धरणांचे, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. नकाशावरची अक्षरं स्टेन्सिलने काढायची. पुढे संगणक आले आणि त्यांना कपाटांतल्या फायलींवर बसवलं, पण बोटांना सवय राहिली होती. यजमान लवकर गेले. मुलगा मिलिंद इंजिनियर झाला. पहिल्या पगाराला त्याने विचारलं, "आई, साडी घेऊ का मिक्सर?" तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. त्यात एक परदेशी बाई पेनाएवढ्या फवाऱ्याने बिस्किटावर फुलं उमटवत होती. "हे घे," त्या म्हणाल्या. तो एअरब्रश.

मी शाळेत शिकवत होते म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. त्यांचं काम पाहायला मी दुपारी खाली जाऊन बसत असे. बिस्किटं भाजून, पिठीसाखर आणि लिंबाच्या थेंबांचा घट्ट थर देऊन पंख्याखाली दिवसभर वाळवलेली असत. मग प्लास्टिकच्या पातळ तावातून कापलेली स्टेन्सिल वर ठेवायची, कडांवर छोटी वजनं ठेवून ती सपाट बसवायची आणि फवारा सरळ वरून, लांबूनच मारायचा. एकदा नव्हे, तीनदा-चारदा, प्रत्येक वेळी थोडासाच.

"घाई झाली की हात जवळ जातो, बाई. हात जवळ गेला की रंग ओला पडतो. ओला पडला की स्टेन्सिलच्या खाली पळतो. मग बसा बोंबलत."

स्टेन्सिल त्या स्वतः कापत. मी एकदा विचारलं की इतकं बारीक कापताना चुकत कसं नाही. त्या म्हणाल्या, "जे काढून टाकायचंय त्याच्याकडे बघायचंच नाही. जे ठेवायचंय त्याच्याकडे बघायचं." फुलाच्या मधला ठिपका निसटू नये म्हणून त्याला कडेशी जोडणारी एक काडी सोडावी लागते, ती दाखवून म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी धरून ठेवायला पाहिजे ना. हवेत कोण राहतंय?"

फवाऱ्याला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर घरघरत असे. पहिल्या महिन्यात तळमजल्यावरचे रावगारू, म्हणजे आपल्या भाषेत रावसाहेब, तक्रार घेऊन वर आले. "क्या अम्मा, घर में कारखाना डाले क्या?"

"कारखाना नै साब, बिस्कुटां कू रंग मारतूं. दस मिनट," विमलताई म्हणाल्या आणि एक बिस्कीट त्यांच्या हातावर ठेवलं. त्यावर आंबा होता. रावगारू ते उलटसुलट करून बघत राहिले. विमलताई समोर उभ्या. ते बिस्कीट खिशात घालू लागले तेव्हा म्हणाल्या, "जेब में नक्को साब. खाओ. मैं खडी हूं." रावगारूंनी खाल्लं. पुढच्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाची बिस्किटं त्यांनी विमलताईंनाच सांगितली, आणि घरघर त्यांना पुन्हा कधी ऐकू आली नाही.

त्या उभ्या का राहतात हे मला दिवाळीत कळलं. त्यांनी दिलेल्या बिस्किटांतलं एक, बारीक नक्षीच्या समईचं, मी काचेच्या कपाटात ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. विमलताई आल्या, त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्यांनी मला न विचारता कपाट उघडलं, बिस्कीट काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"अहो, किती सुंदर होतं! म्हणून ठेवलं होतं मी."

"बघायला नाही केलं, बाई. खायला केलंय."

ते शिळं झालं होतं. आम्ही दोघींनी ते उभ्यानेच खाल्लं. मग त्या बसल्या आणि बोलल्या. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्याहून चांगलं मला लिहिता येणार नाही.

"कचेरीत कायम झाले तेव्हा लाडू केले होते. शंभर लाडू. रात्री जागून नाही, रजा टाकून केले. सगळ्यांनी घेतले. कुणी नाही म्हटलं नाही. 'विमल, किती छान वळलेत गं, घरी पोरांना नेते.' सगळ्यांचं एकच, घरी नेते. मला बरंच वाटलं. संध्याकाळी जिन्याखालच्या कचऱ्याच्या टोपलीत पाहिले. कागदासकट. पुड्या नीट बांधलेल्या होत्या, बाई. माणसं चांगली होती."

तुम्ही दूर वाढलात म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. विमलताईंच्या घराण्याने बौद्ध धम्म स्वीकारला, त्याआधी आपल्या समाजाने त्यांना अस्पृश्य मानलं होतं. त्यांच्या हातचं पाणी घेत नसत, अन्न तर दूरच. कायद्याने हे केव्हाच संपलं. शिकलेल्या लोकांनी मग तोंडावर नाही म्हणणं सोडलं आणि पुड्या बांधायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार वाजता खाईन म्हणताना माझ्या मनात असं काही नव्हतं, असं मी लिहिणार होते. पण ते दारात उभ्या असलेल्या बाईला कसं कळावं? तिने ऐकलं ते एवढंच की, आत्ता नाही, मग.

मागच्या वर्षी मिलिंदने लग्न ठरवलं. मुलगी त्याच्याच कंपनीतली, ऋता, पुण्याच्या ब्राह्मण घरातली. तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही, उत्साहही दाखवला नाही. एका रविवारी ते दोघं मिलिंदचं घर पाहायला हैदराबादला येणार होते. विमलताई मला म्हणाल्या, "तुम्ही पण या बाई. तुमच्या पुण्याकडची, तुमच्यातलीच माणसं आहेत. त्यांचे शब्द गोड असतात, मला आतलं कळत नाही."

"मला चाळीस वर्षं झाली इथे. मलाही कळेनासं झालंय."

"तरी या. पोराला जन्म काढायचाय त्यांच्यात. ते माझ्या घरचं खातात का नाही, एवढं मला बघू द्या. बाकी काही नको."

मी सुचवलं की बिस्किटं साधी करावीत, फार तर कडेला एक रेघ. त्यांना ते पटलं नाही. "पहिल्यांदा येतायत. साधं दिलं तर म्हणतील, हात आखडला." आठ दिवस त्या कापत बसल्या. पैठणीच्या पदरावर असतो तसा मोर, तीन रंगांत. म्हणजे एकाच बिस्किटावर एकामागून एक तीन स्टेन्सिल, प्रत्येक केसभरही न सरकता. नकाशात करत तशा त्यांनी चारही कोपऱ्यांत खुणा केल्या होत्या. तरी पहिली दोन ताटं फसली. ती बिस्किटं त्यांनी एका डब्यात भरून ओट्याखाली सारली. तिसऱ्या ताटातले मोर जमले. मी आयुष्यात पाहिलेलं ते सर्वांत देखणं खाणं होतं.

रविवारी अकराला ते आले. ऋताचे वडील पाणी प्यायले. आईने ग्लास हातात धरून ठेवला. चहाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ताच झालाय हो, हॉटेलवर." मग विमलताईंनी ताट आणलं.

"अगंबाई!" ऋताच्या आईने दोन्ही हात गालांवर ठेवले. "हे खायचं? हे तर फ्रेम करून लावायला हवं! ऋता, एखादा डबा बघ गं. पुण्याला नेऊन सगळ्यांना दाखवते."

वडिलांचा हात ताटाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. "खरंच, मोडवत नाही."

मिलिंद जमिनीकडे पाहत होता. विमलताई ताट धरून उभ्या होत्या. रावगारूंना म्हटलं तसं इथे म्हणता येत नव्हतं. ही मुलाच्या सासरची माणसं होती. ऋताच्या आईचं ते कौतुक होतं की पुडी होती, हे मला त्या क्षणी कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मला वाटतं कौतुकच होतं. पण आठ दिवस खपून विमलताईंनी स्वतःच्या हाताने त्यांना सबब करून दिली होती, आणि हे त्यांच्या लक्षात आलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि आत गेल्या. ओट्याखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात तो फसलेल्या बिस्किटांचा डबा होता.

"ती घेऊन जा तुम्ही, दाखवा सगळ्यांना," त्या ऋताच्या आईला म्हणाल्या. "ही बिघडलेली आहेत. ह्या मोराला दोन चोची आल्यात. ह्याचा पिसारा पोटावर आलाय. ही काही दाखवायला नेता येणार नाहीत. ही इथेच खा."

ऋता आधी हसली आणि तिने दोन घेतली. तिच्या आईने डब्यात डोकावून पाहिलं. "दोन चोची! खरंच की हो." त्यांनी ते बिस्कीट उचललं. त्यांनी ते चावलं, गिळलं आणि म्हणाल्या, "मीठ घातलंय ना जरासं? म्हणून छान लागतंय." मग दुसरं घेतलं. वडिलांनी तीन खाल्ली.

विमलताई तेव्हा खाली बसल्या. "गोड जास्त नाही ना झालं?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत मी त्यांना हा प्रश्न कोणालाही विचारताना ऐकलं नव्हतं. लोक खातात की नाही, एवढंच त्या पाहत आल्या होत्या. चव कशी आहे, इथपर्यंत त्या कधी पोचल्याच नव्हत्या.

लग्न साधंच झालं. त्यानंतर महिन्याभराने मी खाली गेले तेव्हा एक ताट नुकतंच रंगवून झालं होतं. कमळं होती, गुलाबी, एकही कड फुटलेली नाही. विमलताईंनी करंगळी पुढे केली आणि ओल्या रंगावर, एकेका बिस्किटावर, हलकेच टेकवत गेल्या. प्रत्येक कमळाला एक डाग.

"अहो, हे काय करताय?"

"आता कोण ठेवतंय ते बघू," त्या म्हणाल्या. त्यांच्या सुरात राग नव्हता. चहात साखर किती ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. त्याच हाताने ब्लेड उचलून त्या पुढची स्टेन्सिल कापायला बसल्या आणि कंपासाशिवाय एक पूर्ण वर्तुळ काढून मोकळ्या झाल्या.

त्यानंतर त्यांच्या घरून डाग नसलेलं बिस्कीट बाहेर पडलं नाही. वाढदिवसाची बिस्किटं सांगणाऱ्या एक-दोन बायकांनी त्यांना सांगणं सोडलं. रावगारू मला म्हणाले, "अम्मा बुढ्ढी हो गयी." मी कोणाला काही समजावलं नाही. तो माझा विषय नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी विमलताई गेल्या. सकाळी छातीत दुखू लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. सातव्या दिवशी घरी बुद्धवंदना होती. विहारातली माणसं आली होती, पुण्याहून ऋताचे आईवडील आले होते. वंदना झाल्यावर ऋताला स्वयंपाकघरात भरलेला एक डबा सापडला. तिने तो तसाच बाहेर आणला आणि एका हातातून दुसऱ्या हातात तो फिरू लागला. पिंपळाची पानं होती, हिरवी, प्रत्येकावर करंगळीएवढा डाग. सगळ्यांनी एकेक घेतलं आणि तिथेच खाल्लं. कोणीही कागद मागितला नाही.

ऋताच्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बिस्कीट खाल्लं, बोटाला लागलेला रंग पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटी शेवटी हात थरथरत असेल हो त्यांचा."

"असेल," मी म्हटलं, आणि डबा पुढच्या माणसाकडे दिला.